वीणेच्या आड

तात्याबाने पाय धुतले, कपाळाला बुक्का लावला आणि वीणा घ्यायला दोन्ही हात पुढे केले; पण कारभाऱ्यांनी वीणा दिली नाही. मान हलवून त्यांनी डोळ्यांनीच सांगितलं, बस तू, मी धरतो अजून. तोंडातलं ‘जय जय रामकृष्णहरी’ काही थांबलं नाही.

तात्याबा बुचकळ्यात पडला. पहारा आता त्याचा होता. सप्ताहात सात दिवस वीणा जमिनीला टेकत नाही आणि नाम थांबत नाही, हे खरं. पण उभा राहणारा माणूस बदलत राहतो म्हणून तर ते जमतं. पहारा संपला की वीणा पुढच्याच्या गळ्यात घालायची, त्याच्या पाया पडायचं आणि चहाला जायचं. हा साधा रिवाज. आणि हे कारभारी कालपासून बघावं तेव्हा उभेच. आपला पहारा झाला की पुढच्याचाही ओढायचे.

“रंग चढलाय कारभाऱ्याला,” टाळकऱ्यांशेजारी टेकत तात्याबा हळूच म्हणाला. “जन्मभर एसटीत घंटी मारली, आता वरून घंटी आली म्हणायची.”

टाळकऱ्यांनी भक्तिभावाने माना डोलावल्या. तेवढ्यात एक लेकुरवाळी आली, तिने आपलं तान्हं कारभाऱ्यांच्या पायावर घातलं आणि पदर पसरून नमस्कार केला. कारभाऱ्यांचे कान लाल झाले. वीणेकरी म्हणजे तेवढ्यापुरता देवच, त्याने पाय मागे घ्यायचे नसतात. त्यांनी डोळे मिटून घेतले. लोकांना वाटलं, समाधी लागली.

खरी गोष्ट ठाऊक होती ती एका पांडुरंगाला आणि कारभाऱ्यांना. वीणा गळ्यात असली की बोलायचं नसतं. कुणी काहीही विचारो, नाम सोडून दुसरा शब्द ओठांवर आणायचा नसतो. आणि कारभाऱ्यांना सध्या कुणाशीच बोलायचं नव्हतं.

काल रात्रीच्या कीर्तनात महाराजांनी बरोबर त्यांच्याकडे बघून सांगितल्यासारखं सांगितलं होतं, “मांजर तुळशीच्या आड जाऊन बसलं म्हणून काय त्याला एकादशी लागत न्हाई, बापहो!” मंडप खो खो हसला होता. कारभारीही हसले होते. पण इतरांपेक्षा जरा लवकर थांबले होते.

भानगड होती ती मागच्या गल्लीतल्या दोन खोल्यांच्या घराची. नोकरीत असताना कारभाऱ्यांनी बीडच्या या नव्या वसाहतीत दोन प्लॉट घेतले होते. तेव्हा इथे दिवसाढवळ्या ससे दिसायचे आणि घरचे म्हणायचे, पैसा मातीत घातला. एका प्लॉटवर स्वतःचं घर बांधलं, दुसऱ्यावर दोन खोल्या काढून भाड्याने दिल्या. त्या खोल्यांत जीवन आणि पौर्णिमा राहायला आले. तो लिंबागणेशकडे शाळेवर मास्तर, ती दवाखान्यात नर्स. त्याआधी शहरात दोन-तीन घरांनी त्यांना आडनाव विचारून ‘खोली कालच गेली’ असं सांगितलं होतं. कारभाऱ्यांनी आडनाव विचारलं नव्हतं. टाकी कुणी कोणत्या दिवशी भरायची, तेवढं ठरवलं होतं. मग हळूहळू असं झालं, की कारभाऱ्यांच्या बायकोला, केशरबाईंना, ताप भरला तर पौर्णिमा घरीच सलाईन लावून उशाशी बसायची, आणि पौर्णिमाच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू केशरबाईंच्या हातचेच.

पाडव्याला जीवनने ते घर विकत मागितलं. भाव ठरला. त्याने इसाराच्या नोटा पुढे केल्या तर कारभाऱ्यांनी हात पाठीमागे घेतला.

“माझ्या जबानीला इसार लागतो का मास्तर? सावकाश कर्ज काढा.”

केशरबाईंनी चिमूट चिमूट साखर दोघांच्या हातावर ठेवली, आणि सौदा झाला. कागद नाही, साक्ष नाही. साखर मात्र गोड होती.

मास्तरने खरंच सावकाश कर्ज काढलं, कारण बँक त्याला रोज नवा कागद मागत होती. आणि तेवढ्यात गावात रेल्वे आली. तीन पिढ्यांनी जिची वाट बघितली ती रेल्वे खरंच रुळावरून चालत आली. लोक हार घेऊन स्टेशनवर गेले. सगळा जन्म एसटीत काढलेले कारभारीसुद्धा गेले, आणि इंजिनाला हात लावून परत आले तर डोळे पुसत आले. दुसऱ्या दिवसापासून प्लॉटांचे भाव असे चढायला लागले, की कीर्तनात चाल टिपेला जावी आणि खालीच येऊ नये. ज्या रस्त्याला कुत्रं विचारत नव्हतं त्याला आता लोक ‘स्टेशन रोड’ म्हणायला लागले. भाव विचारणारे चहाच्या टपरीवर भेटत, लग्नाच्या पंगतीत भेटत, मौतीला गेलं तर तिथेही भेटत.

मास्तरच्या कर्जाला मंजुरी आली ती या सप्ताहाच्या आदल्या दिवशी. रजिस्ट्रीला नंबर लागला तो आजचा.

कारभाऱ्यांच्या राहत्या घरावर बरीच वर्षं नुसत्या सळया उभ्या होत्या. वर माडी चढवायची, पुण्याहून मुलगा संजय सुट्टीला आला की नातवाला वर स्वतंत्र खोली, गल्लीकडे खिडकी, असं केशरबाईंच्या मनात होतं. दर उन्हाळ्यात त्या गच्चीवर वाळवण घालताना जिना कुठून येईल ते पावलांनी मोजायच्या. मास्तरच्या पैशात स्लॅब झाला असता, भिंती नाही. आजच्या भावात भिंती झाल्या असत्या, खिडकी झाली असती, खिडकीला रंगीत काच बसली असती. भाव कानावर आल्यापासून केशरबाई काही बोलल्या नव्हत्या. काल संध्याकाळी मात्र त्या गच्चीवर गेल्या आणि एकेका सळईचा गंज फडक्याने पुसत बसल्या. कारभाऱ्यांनी जिन्यातून ते पाहिलं, आणि आल्या पावली खाली उतरून थेट मंडप गाठला.

“रामकृष्णहरी, काका.”

बन्सीने पायाला हात लावला आणि तिथेच उकिडवा बसला. बन्सी वसाहतीतला दलाल. रेल्वे यायच्या आधी तो बसस्टँडवर मोबाइलची कव्हरं विकायचा. आता पांढरे बूट घालायचा आणि त्यांवर धूळ बसू नये म्हणून रस्त्याच्या कडेकडेने चालायचा.

“पार्टी पक्की झाली काका,” तो टाळांच्या आवाजाखालून बोलला. “मांजरसुंब्याला धाबा हाय त्यांचा. तुमी मास्तरला म्हणलाव ना, त्याच्या दीडपट. रोख. संजयभाऊंना मी फोन केलता, ते बी खूश हायत.”

‘जय जय रामकृष्णहरी.’

“मास्तर चांगला मानूस हाय, मी कुटं न्हाई म्हणतो? पण तुमच्यात लिहून काय झालंय? इसार बी तुमी घेतला न्हाई. मंग जबान मोडली आसं कोण म्हणंल?”

कारभाऱ्यांची लय वाढली. टाळकऱ्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि टाळ जलद केले.

“कमी वाटलं का?” बन्सी आणखी जवळ सरकला. “लई ताणू नका काका, पार्टी पळंल. बरं, मी आनिक थोडं वर सरकवतो. आता तर झालं?”

कारभाऱ्यांची मान डोलत होती. ती नामाच्या ठेक्यावर डोलली, की माडीच्या खिडकीत नातू उभा दिसला म्हणून डोलली, हे त्यांना शपथेवर सांगता आलं नसतं. बन्सीला मात्र सांगायची गरज नव्हती. त्याचा चेहरा फुलला. त्याने खिशातून एक जाडसर पाकीट काढलं, दोन्ही हातांनी कारभाऱ्यांच्या पायापाशी ठेवलं, वर पुन्हा डोकं टेकवलं, आणि पार्टीला फोन लावायला मंडपाच्या कोपऱ्यात गेला.

कारभाऱ्यांनी खाली पाहिलं. पाकीट हळदी-कुंकवाच्या ताटात होतं, तांदळावर, सुट्या नाण्यांच्या मध्ये.

त्यांना ओरडावंसं वाटलं. तोंडातून निघालं ते ‘रामकृष्णहरी’च. तात्याबा मधूनमधून ते ताट उचलून पेटीत रिकामं करायचा, तसं त्याने ते आताही उचललं. पाकीट उघडून आत डोकावला आणि त्याचे डोळे मोठे झाले. मग तो माइकपाशी गेला.

“ऐका हो ऐका! आपल्या वसाहतीचे बन्सीशेठ यांच्याकडून काल्याच्या बुंदीसाठी भरघोस देणगी! बोला, हारि विठ्ठल!”

“विठ्ठल!” मंडप गरजला.

बन्सी फोन कानाला तसाच ठेवून वळला. तात्याबा नारळ आणि उपरणं घेऊन त्याच्याकडे येतच होता.

“तात्या, आवो, ते... ते इसाराचे...”

“कशाचे?” तात्याबाने माइक हातातच ठेवून विचारलं.

सगळा मंडप कौतुकाने बघत होता. टोपलीत भाकरी रचायला आलेल्या बायका थांबल्या होत्या. एक म्हातारी तर बन्सीची दृष्ट काढत होती. वीणेपुढे ठेवलेलं ते देवाचं, ते परत मागायला कुणाची जीभ रेटणार? बन्सीने एकदा पेटीकडे पाहिलं, एकदा वीणेकडे.

“काय न्हाई,” तो म्हणाला. “बुंदीत बेदाणे घाला.”

कारभाऱ्यांना इतकं हसू आलं, की नाम घशात अडकलं आणि टाळकऱ्यांनी ते उचलून पुढे नेलं. पण तेवढ्यात त्यांच्या बगलखिशातला मोबाइल थरथरला. तो दुपारपासून असाच थरथरत होता, आणि थरथरला की खिशाला टेकलेला वीणेचा भोपळा वेगळाच घुमायचा. संजयच असणार. हसू विरलं. कारभाऱ्यांनी डोळे मिटले आणि आवाज चढवला.

डोळे उघडले तर समोर केशरबाई.

मंडपामागच्या चुलीवरून त्या तशाच आल्या होत्या. हात-पाय धुतलेले, पण कोपराला पीठ राहिलेलं. गळ्यातली तुळशीची माळ त्यांनी पदराबाहेर काढली होती.

“उतरवा,” त्या म्हणाल्या.

कारभाऱ्यांनी मान हलवली. ‘जय जय रामकृष्णहरी.’

“लोक पाया पडायलेत म्हणून गोड लागायलंय का? मला म्हाईत हाय तुमी कावून उभे हाव ते.” केशरबाईंचा आवाज फक्त त्यांनाच ऐकू जाईल एवढा होता. “मांजर बसलंय तुळशीआड.”

ठेका चुकला. एका टाळकऱ्याने चमकून वर पाहिलं.

“पौर्णिमा गेटाशी उभी हाय कवाची. खाजामियाँच्या गाड्यामागं, सावलीला. चल म्हणलं आत, तर येना झाली. मामांचा पहारा मोडायचा न्हाई म्हणती. मास्तर तिकडं रजिस्ट्रीच्या हापिसात नंबर धरून बसलाय.” त्या क्षणभर थांबल्या. “उतरवा आता.”

त्यांना काय हवंय ते कारभाऱ्यांना त्या चेहऱ्यावरून कळेना. चाळीस वर्षांच्या संसारात या बाईचा चेहरा ते सातबाऱ्यासारखा वाचत आले होते, आणि आज नेमकं अक्षर लागेना. सळया पुसणारा हात आठवला, की वाटे, माडी. पीठ लागलेलं कोपर पाहिलं, की काहीच वाटेना.

केशरबाईंनी स्वतःच वीणेचा पट्टा त्यांच्या मानेवरून काढला. सकाळचा पहारा बायकांचाच असायचा, त्यांच्या खांद्याला वीणा नवी नव्हती. पट्टा गळ्यात घालून त्यांनी तारेवर बोट ठेवलं आणि नाम घ्यायच्या आधी नवऱ्याकडे सरळ पाहिलं.

“मी काय सांगणार न्हाई तुमाला. बाहेर ऱ्हाईले तर माज्या तोंडातून माडीच निघंल, मला ठाव हाय. म्हणून घेतली ही गळ्यात. आता काय बोलायचं ते तुमचं तुमी बोला.”

आणि तार छेडून त्यांनी सुरू केलं, “जय जय रामकृष्णहरी...”

आता रिवाज उरला होता. वीणा देणाऱ्याने घेणाऱ्याच्या पाया पडायचं. कारभारी जागीच घुटमळले, इकडेतिकडे बघितलं, मग टोपी सारखी केली आणि वाकून बायकोच्या पायांना हात लावला. भाकरीवाल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. म्हातारी मोठ्याने म्हणाली, “लग्नातच पडायला पायजे होतं बाबा, लई उशीर केलास!” केशरबाईंच्या नामात हसू शिरलं, पण नाम सुटलं नाही.

इतका वेळ ओझं वागवलेला खांदा मोकळा झाल्यावर कारभाऱ्यांना आपले हात कुठे ठेवावेत ते कळेना. हात तसेच लोंबते ठेवून ते मंडपाच्या गेटापर्यंत आले.

खाजामियाँचा केळीचा गाडा गेटालगतच लागलेला असायचा. सप्ताहभर फराळाची केळी त्याच्याकडूनच यायची, निवडून घेतलेली, एकही डागाळलेली नसायची. आज गाड्यावर गोणपाट झाकलेलं होतं आणि खाजामियाँ धुतलेला सदरा घालून स्टुलावर बसला होता. मागे पौर्णिमा. तिने दवाखान्यातून रजा काढली असावी. लग्नातली असावी तशी साडी नेसली होती, आणि तिच्या पदराचं टोक बोटांत पिळून पिळून चुरगळलं होतं.

कारभाऱ्यांना पाहून ती पुढे आली. वाक्य तिने मनात पुष्कळदा म्हणून ठेवलं असावं, कारण ते एका दमात बाहेर पडलं.

“मामा, भाव कुटं गेलेत ते आमाला बी म्हाईत हाय. तुमी काय बी ठरवलं तरी आमाला राग न्हाई. तुमी आमाला लई सांभाळून घेतलं. आमी दुसरीकडं बगू.”

कारभाऱ्यांनी बोलायला तोंड उघडलं. कालपासून एकच शब्द बोललेला गळा. पहिल्यांदा ‘रामकृष्ण’ एवढंच फुटलं. त्यांनी घसा खाकरला. गल्लीच्या वळणावर त्यांचं घर दिसत होतं. गच्चीवर पुसून काढलेल्या सळया उन्हात उभ्या होत्या, आणि एका सळईपासून दुसरीपर्यंत बांधलेल्या दोरीवर केशरबाईंचं हिरवं लुगडं मजेत फडफडत होतं.

“साक्षीदार किती धरलेत?” त्यांनी विचारलं.

“आँ?”

“साक्षीदार, पोरी. रजिस्ट्रीला दोन लागतात ना?”

पौर्णिमाने काही न कळून त्यांच्याकडे पाहिलं. मग कळलं, तेव्हा तिच्या बोटांतून पदर सुटला. तिच्या वतीने खाजामियाँच बोलला.

“एक मी हाव की. सकाळधरनं कार्ड खिशात घालून बसलोय, कारभारीसाब. तुमचा हरीच सोडंना तुमाला! गाडा झाकून ठेवला, अर्धी केळी आतल्या आत पिकली.”

“अन् दुसरा?”

“ह्यांच्या शाळेतले एक सर येणार होते,” पौर्णिमाने डोळे पुसले, “त्यांना ऐन वेळी काम निघालं. ह्यांनी आताच फोन केलता. तिकडंच कोणी भेटतंय का बगतेत.”

“तिकडं कशाला? आपली माणसं काय कमी हायत का?”

कारभारी मागे वळले. मंडपात केशरबाई वीणा घेऊन उभ्या होत्या, आणि त्यांच्यासमोर, गळ्यात उपरणं आणि काखेत नारळ अशा अवतारात, बन्सी हात जोडून काहीतरी समजावत होता. बहुधा भिंती आणि खिडकीबद्दलच असावं. केशरबाईंचे डोळे मिटलेले होते आणि मान ठेक्यावर मस्त डोलत होती. ती डोलणारी मान बघून बन्सीचा हात सवयीने खिशाकडे गेला. समोरच्या ताटाकडे पाहून तो तिथेच थांबला.

“ए बन्सी!” कारभाऱ्यांनी हाक मारली.

मंडपाने कालपासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज नामाबाहेर ऐकला. टाळकऱ्यांनी माना वळवल्या. केशरबाईंनी नाही वळवली. त्यांचा सूर फक्त थोडा वर गेला.

“काय काका?”

“आधार कार्ड हाय का जवळ?”

बन्सीचा चेहरा पुन्हा उजळला. पांढऱ्या बुटांची पर्वा न करता तो धुळीतून पळतच आला.

“हाय की काका! ते कायम खिशात असतंय. कावून?”

खाजामियाँने रिक्षाला हात केला होता. कारभाऱ्यांनी आधी पौर्णिमाला आत बसवलं, मग बन्सीच्या काखेतला नारळ काढून तिच्या ओटीत ठेवला.

“बस तू बी,” ते बन्सीला म्हणाले. “वाटंत सांगतो.”